इंग्लिश चांगलं येत असेल तर डॅनिश शब्दांचे अर्थ आपोआप कळतात का?

अर्धेमुर्धे कळतात हो, आणि त्याच जोरावर आपण उरलेले ठोकून देतो आणि तिथेच पोपट होतो. मी दोन वर्षं डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला होतो. हुस म्हणजे घर, बोग म्हणजे पुस्तक, फिंगर म्हणजे बोट, इथवर मजा वाटते. मग एकाने 'फ्रोकोस्ट'ला बोलावलं, मी आपला नाश्ता समजून सकाळी नऊला हजर, तर ते दुपारचं जेवण निघालं (नॉर्वेत तोच शब्द नाश्त्याला वापरतात, म्हणजे बघा).

'गिफ्ट' तर प्रसिद्धच आहे. नाम म्हणून विष, विशेषण म्हणून विवाहित, यावर डॅनिश लोक स्वतःच जोक मारत असतात. मूळ अर्थ फक्त 'दिलेली गोष्ट', आपण औषधाचा 'डोस' म्हणतो तोही मुळात ग्रीकमधला 'देणे'च. हुंड्याला अजून 'मेडगिफ्ट' म्हणतात.

पण मला खरा आवडलेला शब्द म्हणजे 'ड्यूर'. अर्थ प्राणी, कुठलाही. इंग्लिशमधलं डिअर, म्हणजे हरीण, त्याचंच भावंड, जुन्या इंग्लिशमध्ये त्याचाही अर्थ नुसता प्राणी असाच होता, नंतर आक्रसत आक्रसत हरणावर येऊन थांबला. हे वाचलं तेव्हा मला एकदम 'मृग' आठवला, कारण संस्कृतात मृग म्हणजे आधी कुठलंही जनावर, म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग, आणि आपल्याकडे मात्र मृग म्हटलं की हरीण नाहीतर ७ जूनचं नक्षत्र! दोन भाषा एकमेकींना न विचारता त्याच वाटेने गेल्या.

'स्काय'चं उलटं झालं. डॅनिशमध्ये तेच स्पेलिंग, पण अर्थ ढग. इंग्लिशने हा शब्द व्हायकिंगांकडूनच (म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडच्या जुन्या दर्यावर्दी लोकांकडून) घेतला आणि ढगाचं आभाळ करून टाकलं. डॅनिश लोक आभाळाला 'हिमेल' म्हणतात. व्हायकिंग इंग्लंडच्या पूर्व भागात राहिले त्याची खूण गावांच्या नावात पण आहे, व्हिटबी, ग्रिम्सबी, डर्बी यातला 'बी' म्हणजे गाव. डॅनिशमध्ये आज तोच शब्द शहराला वापरतात.

आणि काही ठिकाणी इंग्लिशपेक्षा मराठीच जास्त कामाला येते, खोटं नाही सांगत. 'डॉइन' म्हणजे दिवस-रात्र मिळून २४ तास, इंग्लिशमध्ये असा रोजच्या वापरातला एक शब्द नाही, आपल्याकडे अहोरात्र आहे. मावशी म्हणजे 'मोस्टर', आत्या म्हणजे 'फास्टर' (हो, स्पेलिंग इंग्लिश फास्टरचंच), मामा 'मोरब्रोर', काका 'फारब्रोर'. इंग्लिशवाल्यांना हे पाठ करावं लागतं, मला एकदा ऐकून लक्षात राहिलं. फक्त आजीला आपण एकच शब्द वापरतो, तिथे ते आईची आई 'मोरमोर' आणि वडिलांची आई 'फारमोर' असं वेगळं करतात, त्यात मी शेवटपर्यंत गोंधळ घातला.