वाचक विचारतात : बेल्ट ओरडतोय, बेअरिंग काढू का?

प्रश्न : आमचं अंबडला छोटं युनिट आहे. पार्ट धुण्याच्या मशीनवरचा तीन प्लंजरचा (दट्ट्यांचा) पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे दातेवाल्या पट्ट्यावर चालतो. मोटर 1440 फेऱ्यांची, तिची पुली 32 दात्यांची, पंपाची 96 दात्यांची, बेल्ट 8 एम, 1600 चा. महिन्यापूर्वी नवा बेल्ट टाकला. तेव्हापासून एक सततची शिट्टी आणि मधूनमधून ‘टक-टक’ ऐकू येते. फिटर म्हणतो, मोटरचं बेअरिंग गेलं. पण मोटर उतरवायची म्हणजे दोन दिवस काम बंद. काय करावं?

उत्तर : मोटरला हात लावू नका. दाते आणि फेऱ्या तुम्ही लिहून पाठवल्यात, म्हणजे माझं अर्धं काम झालं. नाहीतर लोक मला फोनवर तोंडाने आवाज काढून दाखवतात!

1440 भागिले 60, म्हणजे मोटर सेकंदाला 24 फेऱ्या मारते. तिला 32 ने गुणा. सेकंदाला 768 दाते पुलीत बसतात. प्रत्येक दाता खाचेत शिरताना आपटतो आणि खाचेतली हवा बाहेर ढकलतो. हाच बेल्टचा स्वतःचा आवाज. सातपूरला नोकरीत असल्यापासून मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, म्हणून पेटीच्या भाषेत सांगतो : पांढरी एकचा तार सप्तकातला पंचम घ्या आणि किंचित उतरवा, तुमची शिट्टी तिथेच सापडेल. पेटी नसेल तर मोबाइलवर गिटार लावायचं ॲप असतं, ते धरा. आकडा 768 च्या आसपास आला, तर तो दात्यांचाच आवाज आहे, बेअरिंगचा नाही. ही शिट्टी जुन्या बेल्टलाही असणार, फक्त हळू. बेल्ट जितका रुंद आणि वेग जितका जास्त, तितकी ती मोठी.

मग आता एवढी का वाढली? माझा पहिला संशय बेल्ट जास्त ताणल्याचा. ताणल्याने सूर बदलत नाही, कारण सूर फेऱ्यांवर ठरतो. आवाज मात्र चढतो. व्ही-बेल्टवर (बिनदात्याच्या, घसरू शकणाऱ्या पट्ट्यावर) हात बसलेला फिटर टायमिंग बेल्टही तसाच करकचून आवळतो. याला घसरायची भीती नाही, दाते धरून ठेवतात, म्हणून इतक्या ताणाची गरजच नसते. दोन पुल्यांमधला मोकळा भाग तुमच्याकडे साधारण 530 मिलिमीटर भरेल. त्याला 64 ने भागा, 8 मिलिमीटर आले. बेल्ट कंपनीच्या तक्त्यात जो जोर दिलाय, तेवढ्या जोरावर बेल्ट मध्यावर इतकाच दबला पाहिजे. स्प्रिंग काटा आणि फूटपट्टी, एवढ्यात काम होतं. ताण असाच ठेवलात, तर तो सगळा भार बेअरिंगवर जाईल आणि सहा महिन्यांनी तुमचा फिटर बरोबर ठरेल.

आता ‘टक-टक’. ती किती मोठी आहे ते सोडा, किती वेळा येते ते मोजा. बेल्ट 1600 चा, दाता 8 मिलिमीटरचा, म्हणजे बेल्टला 200 दाते. 768 भागिले 200 : बेल्ट सेकंदाला 3.84 वेळा पूर्ण फिरतो, दहा सेकंदांत साधारण 38 वेळा. मोबाइलवर दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि निम्म्या वेगाने ऐकत कागदावर रेघा ओढा. 38 आल्या तर दोष बेल्टवरच एका जागी आहे. 80 आल्या तर पंपाच्या पुलीकडे बघा, तिच्या एखाद्या खाचेत धातूची चिप अडकली असेल. आणि मोजताच येत नाही, नुसती घरघर आहे, तर ते काहीतरी सेकंदाला 24 वेळा घडतंय.

इथे तुमचा पंप फसवतो. तो सेकंदाला 8 फेऱ्या मारतो आणि त्याला प्लंजर तीन; त्याचेही ठोके 24 च होतात. मोटर आणि पंप एकाच तालात असताना कानाने वेगळे काढायला जाल तर चुकाल. बायपास (पाणी दाबाशिवाय परत सोडणारी वाट) उघडून प्रेशर उतरवा. घरघर खाली आली तर ती पंपाची. नाही आली तर मशीन बंद करा, मेन स्विचला कुलूप लावून चावी खिशात ठेवा, बेल्ट उतरवा आणि मग मोटर एकटी चालवा. एकटीच घरघरली, तर बेअरिंग काढायला माझी हरकत नाही.

तुमच्याकडे 38 रेघा येतील असं मला वाटतं. कारण बेल्ट नवा आहे, आणि विचारा त्या फिटरला, बेल्ट चढवताना मोटर मागे सरकवली होती का. बहुतेक जण सरकवत नाहीत. पुलीच्या फ्लँजवरून (कडेच्या उभ्या काठावरून) स्क्रू ड्रायव्हरने बेल्ट ‘मारतात’. रबराच्या पोटात काचतंतूंचे दोर असतात, ते वाकण्यापेक्षा मोडतात. वरून काही दिसत नाही, फक्त त्या जागी बेल्टला एक मोड पडते आणि दर फेरीला तिथे ‘टक’ होतं. स्टोअरमध्ये बेल्ट घट्ट दुमडून सुतळीने बांधून ठेवला, तरी तेच होतं. असा बेल्ट सुधारत नाही, टाकून द्या.

हे सगळं करण्याआधी मात्र गार्डचे, म्हणजे बेल्टवरच्या पत्र्याच्या झाकणाचे, बोल्ट आवळा. नोकरीच्या सुरुवातीला एका कारखान्यात मी एकाच मोटरची बेअरिंग दोनदा बदलली. दुसऱ्यांदाही आवाज तसाच. कंटाळून गार्डच्या पत्र्यावर कोपर टेकवलं आणि आवाज गप्प. एक बोल्ट नव्हता, आणि पत्रा ताशासारखा वाजत होता. दोन बेअरिंगचे पैसे कुणी मागितले नाहीत, पण स्टोअरकीपरने पुढे वर्षभर मला ‘पत्रेवाले’ म्हणून हाक मारली.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला आमचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. वजनकाट्याच्या छोट्या कन्व्हेयरवरचा बेल्ट तुटला. दुकानदाराने ‘सेम टू सेम’ म्हणून दुसरा दिला. तिसऱ्या आठवड्यापासून करकर आणि खाली भुकटी पडतेय. जुन्या बेल्टवर एक्सएल लिहिलं होतं, नव्यावर टी 5 आहे.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. एक्सएलचा दाता ते दाता 5.08 मिलिमीटर, कारण तो इंचाच्या पाचव्या भागावर बेतलाय. टी 5 चा 5.00. फरक 0.08 चा, हातात धरून कळणार नाही. पण पुलीवर एका वेळी बारा दाते बसले असतील, तर बाराव्या दात्यापर्यंत जवळजवळ एक मिलिमीटर चुकतो. ते दाते खाचेत बसत नाहीत, कडेवर घासत खाली जातात. करकर तीच आणि भुकटीही तीच. पॅकिंगजवळ ही भुकटी चालणार नाही, बेल्ट आजच उतरवा. काही दिवस चालवून पाहू म्हणाल, तर पुलीही घासून जाईल.

पुढच्या वेळी व्हर्नियरने दहा दात्यांचं अंतर मोजा, एकाचं नको. 50 भरलं तर टी 5, 50.8 भरलं तर एक्सएल. जिथे व्हर्नियरही हात टेकतो अशी एक जोडी सांगून ठेवतो : 8 एम आणि एस 8 एम. दोघांचं अंतर 8 मिलिमीटरच, पण दात्याचा आकार वेगळा. असा बेल्ट चढतो, फिरतो आणि पहिल्या दिवसापासून कुरकुरतो. तिथे बेल्टच्या पाठीवरची अक्षरंच वाचावी लागतात. म्हणून दुकानात चिठ्ठी घेऊन जाऊ नका, तुटलेला बेल्ट घेऊन जा.

प्रश्न : मी सिन्नरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला ट्रेनी आहे. एका मशीनचा टायमिंग बेल्ट एका बाजूला जाऊन चिरकतो. सीनियर म्हणतात, साबण लाव. लावू का?

उत्तर : नको, ताई. साबण, राळ, बेल्ट ड्रेसिंग ही सगळी घसरणाऱ्या पट्ट्यांची औषधं, तीसुद्धा तात्पुरती. दातेवाला बेल्ट घसरतच नाही, मग औषध कशावर? चिकट लावलंत तर त्यावर धूळ बसेल, तेल लावलंत तर रबर फुगेल. सीनियरना हे माझं नाव सांगून सांगा, म्हणजे तुमच्यावर राग निघणार नाही.

टायमिंग बेल्ट थोडा एका बाजूला जातोच, फ्लँज त्यासाठीच असते. हलका टेकला तर बिघाड नाही. पण फ्लँजची आतली बाजू आरशासारखी चकाकते आहे, बेल्टच्या कडेचे धागे सुटलेत आणि चिरकणं थांबत नाही, असं असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. मशीन बंद करून, कुलूप लावून, मोठ्या पुलीच्या तोंडावरून छोटीच्या तोंडापर्यंत नायलॉनचा दोरा ताणून धरा. मोठीच्या दोन्ही कडा आणि छोटीच्या दोन्ही कडा, चारही जागी तो टेकला पाहिजे. त्याआधी दोन्ही पुल्यांच्या कडा सारख्या जाडीच्या आहेत ना ते बघा, नाहीतर दोराच खोटं बोलेल. दर मीटर अंतराला 5 मिलिमीटर, म्हणजे साधारण पाव अंश, यापेक्षा जास्त फरक या बेल्टला सोसत नाही. व्ही-बेल्ट याहून जास्त खपवून घेतो, म्हणून जुन्या लोकांना ही सवय नसते.

मोटरच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून किंवा पुली सरकवून रेषा जुळवा. पुली टेपर बुशवर (तिला शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या निमुळत्या नळीवर) असेल तर बुशचे स्क्रू आवळून झाल्यावर दोरा पुन्हा लावा. आवळताना पुली बुशवर ओढली जाते आणि जुळवलेली रेषा तिथेच बिघडते. बहुतेक जण दोरा आवळण्याआधीच गुंडाळून खिशात टाकतात.