पीएसपीवर एमपीफोर फाइल ‘अनसपोर्टेड’ दाखवते तेव्हा

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: पीएसपी-3000 (सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल), फर्मवेअर म्हणजे यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर 6.61, कॉम्प्युटरवर व्यवस्थित चालणाऱ्या एमपीफोर फाइली कार्डावर टाकल्या, तर काही ‘अनसपोर्टेड डेटा’ म्हणून येतात आणि काही ‘करप्टेड डेटा’ म्हणून. कस्टम फर्मवेअर, म्हणजे सोनीचं नसलेलं, बाहेरच्यांनी बदललेलं, टाकावं का, असंही विचारलंय. निदान ह्या कामासाठी तरी नको. यंत्रात बिघाड नाही, फाइली त्याच्या पचनी पडणाऱ्या नाहीत एवढंच.

एमपीफोर हा नुसता डबा आहे. आत काय भरलंय ते झाकणावरून कळत नाही. हल्ली त्या डब्यात एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत) असू शकतं, 10 बिटचं चित्र असू शकतं, 5.1 आवाज असू शकतो. पीएसपी बाजारात आली 2004 च्या डिसेंबरमध्ये, जपानात. एच.264, म्हणजे एचईव्हीसीच्या आधीची पद्धत, उलगडायचं काम तिच्यात खास हार्डवेअर करतं, आणि ते त्या काळच्या मोजक्या प्रकारांपुरतंच बनवलेलं आहे. त्यामुळे मर्यादेत बसणारा व्हिडिओ 333 मेगाहर्ट्‌झच्या यंत्रावरही लोण्यासारखा चालतो, आणि मर्यादेबाहेरचा सुरूच होत नाही. अडखळत का होईना चालेल, अशी मधली सोय नाही.

म्हणून फाइल स्वतः कन्व्हर्ट करायची. पण त्याआधी मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि न चालणारी एक फाइल त्यात उघडा. व्हिडिओच्या भागात फॉरमॅट, प्रोफाइल, लांबी-रुंदी, बिट डेप्थ आणि फ्रेम रेट एवढं वाचलंत की दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं.

आता कन्व्हर्ट करताना लावायचे आकडे. व्हिडिओ एच.264, बेसलाइन प्रोफाइल (प्रोफाइल म्हणजे एच.264 मधल्या कोणत्या सोयी वापरायच्या ते), लेव्हल 3.0 (आकार-वेगाची कमाल मर्यादा), 8 बिट. चित्राचा आकार 480×272. फ्रेम रेट 29.97, तोही कॉन्स्टंट. आवाज एएसी, स्टीरिओ, 48 किलोहर्ट्‌झ, 128 केबीपीएस. व्हिडिओचा बिटरेट 768 केबीपीएस ठेवा. 4.3 इंची पडद्यावर त्याहून जास्त दिलंत तर फरक शोधावा लागतो. हिशेब करून बघा: व्हिडिओ आणि आवाज मिळून 896 केबीपीएस, म्हणजे दोन तासांची फाइल साधारण 806 एमबीची.

खरी गोची होते ती आकारात, म्हणून तिथे जरा थांबतो. जुन्या लेखांत तुम्हाला 368×208 हा आकडा दिसेल. तो चुकीचा नाही, जुना आहे. सुरुवातीला मेमरी स्टिकवरच्या व्हिडिओला 320×240 इतक्याच, म्हणजे 76,800 पिक्सेलची मर्यादा होती आणि रुंद चित्र त्यात बसवायचं तर 368×208 हा जवळचा आकार. गंमत म्हणजे हीच पीएसपी यूएमडीवरचे, म्हणजे तिच्या छोट्या डिस्कवरचे, सिनेमे 720×480 मध्ये दाखवत होती, म्हणजे अडवणूक निव्वळ सॉफ्टवेअरची होती. 2007 मध्ये फर्मवेअर 3.30 आलं आणि पूर्ण पडद्याचा 480×272 मोकळा झाला. तुमच्याकडे 6.61 आहे, तेव्हा 368×208 विसरा.

पण मोकळा झाला म्हणजे हवा तो आकार चालतो असं नाही. नेहमीचा 1920×1080 व्हिडिओ प्रमाणात लहान केला की 480×270 होतो. दोन ओळी कमी पडतात. कन्व्हर्टर इमानदारीत 270 देतो आणि पीएसपी फाइल नाकारते. रुंद सिनेमाचं आणखी वाईट, तो 480×200 च्या आसपास येतो. उपाय एकच: आधी प्रमाण राखून चित्र लहान करायचं, मग उरलेल्या जागेत काळी पट्टी भरून बाहेरचा आकार बरोबर 480×272 करायचा. 200 उंचीच्या चित्राला वर 36 आणि खाली 36. जुन्या चौकोनी 4:3 चित्राला 360×272 करून डावी-उजवीकडे 60-60. हँडब्रेक ह्या कन्व्हर्टरच्या नव्या आवृत्त्यांत आकाराच्या टॅबमध्ये बॉर्डरची सोय आहे, एफएफएमपेग ह्या कमांड लिहून चालवायच्या कन्व्हर्टरमध्ये स्केल आणि पॅड हे दोन फिल्टर एकामागे एक लावायचे. हँडब्रेकमध्ये अ‍ॅनामॉर्फिक (चित्र एका आकारात साठवून दुसऱ्या आकारात दाखवणं) मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर तुम्ही आकडे घालाल एक आणि फाइलमध्ये नोंद पडेल दुसरीच.

पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणून 480×272 करणारेही आहेत. 270 चं 272 केलं तर कुणाला कळणारही नाही, खुशाल करा. 200 चं 272 केलंत तर सगळी माणसं शेवग्याच्या शेंगेसारखी दिसतील.

प्रोफाइलबद्दल मतभेद आहेत. मेन प्रोफाइलही चालतं आणि तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र थोडं बरं येतं. पण मग रेफरन्स फ्रेम (एक फ्रेम उलगडताना आधाराला लागणाऱ्या इतर फ्रेम) तीनच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत, एन्कोडरच्या सेटिंगमधलं बी-पिरॅमिड बंद, वेटेड पी-फ्रेम बंद, अशी पथ्यं पाळावी लागतात. नुसती लेव्हल 3.0 लावून भागत नाही, कारण इतक्या लहान चित्राला त्या लेव्हलमध्ये रेफरन्स फ्रेम भरपूर चालतात. त्यात कुणी ‘हळू केलं की चांगलं होतं’ म्हणून एक्स264 ह्या एच.264 एन्कोडरचा व्हेरीस्लो प्रीसेट निवडला तर तो रेफरन्स थेट 16 वर नेतो. मी बेसलाइनच सुचवेन. त्यात बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेमवरून बनणाऱ्या) नाहीत म्हणजे त्यांच्याशी निगडित निम्मी कटकट आपोआप गेली. रेफरन्स मात्र तिथेही तीनच ठेवा. मीडियम प्रीसेट असेल तर तो आकडा मुळात तीनच असतो.

मूळ फाइल 10 बिटची असेल तर एफएफएमपेगला पिक्सेल फॉरमॅट स्पष्ट सांगा, 8 बिटचा 4:2:0 (yuv420p). न सांगितल्यास तो 10 बिटच पुढे रेटतो आणि बेसलाइनशी भांडण होऊन काम मध्येच थांबतं. एफएफएमपेगमध्ये आउटपुट फॉरमॅट म्हणून ‘पीएसपी’ असा खास प्रकारही आहे, तोच वापरा. मोबाइलवर शूट केलेल्या व्हिडिओचा फ्रेम रेट बदलता असतो, तो कॉन्स्टंट करायला विसरू नका. शिवाय फाइलमध्ये एक व्हिडिओ ट्रॅक आणि एक ऑडिओ ट्रॅक, बास. चॅप्टर, दुसऱ्या भाषेतला आवाज, सबटायटलचा वेगळा ट्रॅक, सगळं काढून टाका.

सबटायटल हवीच असतील तर चित्रावरच कोरून घ्या, म्हणजे हार्डसब. कॉम्प्युटरवर ठीक वाटणारा फाँट इथे वाचता येत नाही. देवनागरी असेल तर आणखी मोठा घ्या. उंचीला जेमतेम 272 ठिपके, त्यात ओळीच्या वाट्याला पंधरा-सोळा आले की रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, उकार तर गायबच होतो. काळी पट्टी असेल तर मजकूर तिच्यात बसवा, चित्रही मोकळं राहतं.

कार्डाचं बघू. फाइल कार्डाच्या मुळाशी असलेल्या ‘व्हिडिओ’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची, नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, फोल्डर नसेल तर तयार करायचा. एमपी-रूटखाली अमुक नावाचा फोल्डर आणि आकड्यांचीच फाइलनावं ही भानगड जुन्या फर्मवेअरची, तुम्हाला लागू नाही. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आटोपशीर ठेवा. मायक्रोएसडी अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून वापरत असाल तर 64 जीबीची कार्डं बहुधा एक्सफॅट ह्या फाइल सिस्टममध्ये येतात आणि पीएसपीला फक्त जुनी फॅट वाचता येते. कॉम्प्युटरशी झटापट करण्यापेक्षा पीएसपीच्या सिस्टम सेटिंगमधून मेमरी स्टिक फॉरमॅट करा. त्यात सगळं पुसलं जातं, आधी गेमचे सेव्ह काढून ठेवा.

‘करप्टेड डेटा’चं दुखणं वेगळं आहे. एक तर कॉपी पूर्ण व्हायच्या आत केबल काढली गेली असेल. नाहीतर तुम्ही मॅक वापरत असाल. मॅक अशा कार्डावर प्रत्येक फाइलबरोबर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक लपलेली पिल्लू-फाइल टाकतो आणि पीएसपी तिलाही व्हिडिओ समजून यादीत दाखवते. ती काढून टाकली तरी मूळ व्हिडिओला धक्का लागत नाही.

चालवताना त्रिकोणाचं बटण दाबलं की कंट्रोल पॅनेल येतं, स्क्रीन मोड तिथे बदलता येतो. आणि बरेच दिवस पडून राहिलेलं यंत्र असेल तर व्हिडिओ लावायच्या आधी मागचं झाकण काढून बॅटरी बघा. फुगलेली असेल तर ती चार्जिंगला लावू नका, बदला.

सगळा साठा रात्रभर कन्व्हर्टला लावायच्या आधी एका फाइलचा मिनिटभराचा तुकडा करून कार्डावर टाकून बघा. तो चालला तर तेच सेटिंग प्रीसेट म्हणून सेव्ह करा आणि बाकीच्यांना लावा. नाही चालला तर मूळ फाइल आणि तो तुकडा, दोन्हींची मीडियाइन्फोची माहिती इथे टाका. कोणतं सॉफ्टवेअर आणि त्याची कोणती आवृत्ती वापरली तेही लिहा.