व्हीएमसीची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनची) बॅटरी संपून होम (मशीनचं मूळ शून्य) गेलं. अंदाजाने नवीन शून्य ठरवून जी५४ (जॉबचं शून्य) परत घेतलं तर चालेल का?

चालेल. मशीन फिरेल, जॉबही मापात येईल, आणि नेमकं म्हणूनच हा प्रश्न वाचून माझं डोकं तापलं. "जी५४ आहे ना, मग मशीनचं शून्य कुठे का असेना" हे मी प्रॉडक्शनवाल्यांच्या तोंडून इतकं ऐकलंय की आता हसूही येत नाही.

तुम्ही लिहिलंय की कंट्रोल फॅनक कंपनीचा आहे, शून्य हरवल्याचा ३०० चा अलार्म आहे आणि बॅटरी बदलूनही तो जात नाही. जाणार नाहीच. नवी बॅटरी इथून पुढची मोजणी सांभाळेल, पुसलेली परत आणणार नाही. पॅरामीटर १८१५ मधला एपीझेड (अक्षाचं शून्य ठरलंय की नाही हे सांगणारा बिट) शून्य करायचा, अक्ष हँडव्हीलने मोटरच्या एका फेऱ्याहून जास्त फिरवायचा, कंट्रोल बंद करून चालू करायचा, अक्ष जागेवर नेऊन एपीझेड एक करायचा, पुन्हा बंद-चालू. अलार्म गेला. एवढं मॅन्युअलमध्येच आहे. प्रश्न आहे तो अक्ष नेमका कुठे न्यायचा याचा, आणि "अंदाजाने" हे त्याचं उत्तर नाही.

मशीनच्या शून्यावर फक्त तुमचं जी५४ अवलंबून नसतं. १२४१ मधली टूल चेंजची उंची तिथूनच मोजली जाते. १३२० आणि १३२१ मधली सॉफ्ट लिमिट (कंट्रोलमध्ये भरलेल्या प्रवासाच्या हद्दी) तिथूनच धरली जातात. शून्य सरकलं की एका टोकाला प्रवास उगाच कमी होतो आणि दुसऱ्या टोकाला सॉफ्ट लिमिट लागायच्या आधी अक्ष ओव्हरट्रॅव्हलच्या स्विचवर जातो. स्क्रूच्या पिचमधल्या चुका भरून काढणारं पिच एररचं टेबलही तिथूनच सुरू होतं. लेसर लावून स्क्रूच्या एका भागासाठी काढलेलं करेक्शन मग शेजारच्या भागाला लागतं. दोन-तीन मिलिमीटरने याचा फारसा फरक पडत नाही, मान्य, पण बाकीच्यांचा पडतो. जी५४ यातलं काहीच सावरत नाही.

आमच्याकडे एका व्हर्टिकलच्या झेडची (हेड वर-खाली करणाऱ्या अक्षाची) थ्रस्ट बेअरिंग वाजायला लागली होती. बाहेरून सर्व्हिसचा माणूस आला. त्याचा हात चांगला होता, हे सांगायलाच हवं: प्रीलोड, लॉकनट, स्क्रूच्या टोकाचा रनआउट, सगळं डायल लावून केलं. पण मोटर कपलिंगमधून काढून परत बसवली की मोटर आणि स्क्रू यांचा आधीचा मेळ संपतो. १० च्या पिचचा स्क्रू असेल आणि मोटर पाव फेरा इकडेतिकडे बसली, तर अडीच मिलिमीटर गेले. आता होम लावायचं होतं. खोलण्याआधी त्याने कॉलमवर आणि हेडवर मिळून मार्करची एक रेघ मारली होती. ती डोळ्यांनी जुळवली आणि एपीझेड एक करून टाकला. त्या रेघेची जाडीच मिलिमीटरभर होती.

मी म्हणालो, कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला आकडा लिहिलेला आहे, ब्लॉक लावून एकदा बघू. ती माझीच सवय. मशीन ठणठणीत असताना टेबलावर १०० मिमीचा ग्राउंड ब्लॉक ठेवायचा, स्पिंडलचं तोंड हँडव्हीलने इतकं खाली आणायचं की मधून १० ची स्लिप गेज जेमतेम सरकेल, आणि त्या वेळचा मशीन कोऑर्डिनेट दारावर लिहून ठेवायचा. फार वेळ लागत नाही. पण इनचार्ज मागेच उभे होते. "अहो, जॉब खोळंबलेत. सगळ्या टूल्सच्या लांब्या परत घ्यायला सांगतो, झालं काम. तुम्हा मेंटेनन्सवाल्यांना मशीन सोडवतच नाही."

सेटरने लांब्या परत घेतल्या. पहिला पीस ओके आला. इनचार्जनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती वर्णन करत बसत नाही.

मग टूल चेंजला आवाज यायला लागला. मोठा नाही; क्लॅम्प होताना एक कोरडा 'टक्'. टूल बदलणाऱ्या आर्मच्या बोटांच्या स्प्रिंग बदलल्या. कॅमबॉक्सचं ऑइल बदललं. मग ड्रॉबारवर (होल्डर स्पिंडलमध्ये खेचून धरणाऱ्या दांड्यावर) संशय गेला, डिस्क स्प्रिंग मऊ झाल्या असतील म्हणून. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दर वेळी मी झेडचं शून्य तपासा म्हणायचो आणि दर वेळी एकच उत्तर, "जॉब मापात येतोय ना?" शेवटी एक फेस मिल आर्म फिरत असतानाच सुटला आणि टेबलावर पडला. दार बंद होतं म्हणून टेबलाच्या खड्ड्यावर आणि दोन इन्सर्टवर निभावलं.

मग मात्र मशीन माझ्या ताब्यात आलं. आर्मच्या मोटरचा ब्रेक सोडून शाफ्ट पान्याने हळूहळू फिरवला आणि टॉर्च मारून बघत राहिलो. आर्मचं बोट होल्डरच्या व्ही खाचेत मधोमध शिरायला हवं. इथे ते खाचेच्या खालच्या उतारावर घासत आत जात होतं, म्हणजे हेड जिथे थांबायला हवं त्याच्या वर थांबत होतं. त्यामुळे नवं टूल आर्म वर घेऊन जायचा पण ते टेपरमध्ये पूर्ण बसायचं नाही; उरलेलं अंतर ड्रॉबार खेचून घ्यायचा आणि होल्डर बोटांतून हिसकला जायचा. तोच तो 'टक्'. रोजच्या वापरातले होल्डर काढून ओळीने मांडले. प्रत्येकाच्या खाचेच्या खालच्या उतारावर चकचकीत पट्टा, वरचा उतार काळाच. जे होल्डर वापरात नव्हते त्यांना दोन्ही बाजू काळ्या. मग ब्लॉक लावला, स्लिप लावली, दारावरचा आकडा बघितला. १.१८ मिमीचा फरक.

झेड दुरुस्त केला. सगळ्या लांब्यांमध्ये एकच फरक होता, तो एकदम भरून टाकला. आवाज गेला. तरी इनचार्जचा प्रश्न होताच: मग इतके दिवस जॉब बरोबर कसे येत होते? अहो, जॉब जी५४ कडे बघतो. आर्मला जी५४ माहीत नाही. आर्म कॉलमला बोल्टने बसवलेला आहे, तो आपल्या उंचीवर येणार, हेड तिथे असो वा नसो.

माझं मत स्पष्ट आहे. दुरुस्तीनंतर सेटरला एक जरी ऑफसेट बदलावा लागला, तर दुरुस्ती अर्धीच झाली. होम परत आणणं हे मेंटेनन्सचं काम आहे, ते सेटरच्या गळ्यात मारायचं नाही. आणि जो इनचार्ज तेवढा वेळ देत नाही, त्याने पुढच्या ब्रेकडाउनला "मशीन तुम्ही दिलंत तेव्हापासूनच" हे वाक्य वापरू नये.

आता तुमचं. दारावर आकडा नसणार, असता तर तुम्ही विचारलंच नसतं. पण फिक्श्चर टेबलावर तसंच असेल आणि जी५४ ची जुनी व्हॅल्यू अजून पुसली नसेल, तर जुनं शून्य सापडतं. समजा जी५४ मध्ये एक्स -४१२.३८६ आहे आणि ते फिक्श्चरच्या बोअरचं केंद्र आहे. डायलने तो बोअर पुन्हा सेंटर करा, रिलेटिव्ह शून्य करा आणि अधिक दिशेला ४१२.३८६ जा. तुमचं जुनं शून्य तिथे आहे (पॅरामीटर १२४०, म्हणजे होमचा कोऑर्डिनेट, शून्य असेल तर). तिथे एपीझेड एक करा. वायचं तसंच. झेडसाठी बॅटरी जाण्याआधी लांबी घेतलेलं आणि नंतर न बदललेलं टूल वापरा, ते ओळखीच्या फेसला टेकवा आणि जुन्या आकड्यांवरून उलटं मोजत या. म्हणून आधी हात आवरा: नवं जी५४ घेतलंत की हा पुरावा गेला. झेड लागल्यावर आर्म एकदा हाताने फिरवून बघाच, मशीनला एम०६ (टूल चेंजचा कोड) देऊन नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. शून्य लागेपर्यंत सॉफ्ट लिमिट काम करत नाहीत, त्यामुळे सगळं हँडव्हीलने आणि हळू. झेडची मोटर काढणार असाल तर हेडखाली आधी लाकडाचा ठोकळा द्या. ब्रेक मोटरमध्ये असतो, मोटरबरोबर तोही निघून येतो. डॉगवर (होमचा स्विच दाबणाऱ्या ठोकळ्यावर) होम होणारं जुनं मशीन असेल तर एपीझेडची ही गोष्ट लागू नाही. तिथे १८५० मधला ग्रिड शिफ्ट (ग्रिड म्हणजे मोटरच्या दर फेऱ्याला येणारी खूण) बघायचा, आणि डायग्नोसिस ३०२ मध्ये डॉग सुटल्यापासून पहिल्या ग्रिडपर्यंतचं अंतर ग्रिडच्या साधारण निम्मं आहे ना ते तपासायचं. डॉग ग्रिडच्या अगदी जवळ सुटत असेल तर होम कधी बरोबर येतं, कधी अख्खा पिच चुकतं, आणि त्यात लोक दिवसच्या दिवस घालवतात. अक्षावर लिनिअर स्केल (अक्षाची जागा थेट मोजणारी पट्टी) असेल तर मोटर काढल्याने शून्य हलत नाही. सिमेन्सच्या कंट्रोलला पॅरामीटर ३४२१० आणि ३४१००, पद्धत वेगळी, जागा शोधण्याचं डोकं तेच.

बॅटरी नेहमी कंट्रोल चालू ठेवून, इमर्जन्सी दाबून बदलायची. ३०० यायच्या आधी ३०७ (बॅटरी कमी झाल्याचा अलार्म) येतो, तो रिसेट करून पुढे जायला कोणी सांगितलं होतं ते तुमच्या शिफ्टमध्ये विचारा. आणि एका अक्षाला दोन मोटर असतील तर यातलं काहीही करू नका, दोन बाजू तिरक्या अडकल्या तर गाइडवेच जातात. मेकरचा माणूस बोलवा.