बाथरूमचा रंग: हाताला लागत नाही म्हणजे वाळला असं नाही

अरे, नवीन रंग दिलेल्या बाथरूममध्ये लगेच आंघोळीची घाई नको करूस. इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) तासा-दोन तासात हाताला लागत नाही म्हणून लोकांना वाटतं झालं, पण तो फक्त वरून सुकलेला असतो, आतून कडक व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तेवढे दिवस बाथरूम बंद ठेवायची गरज नाही, पण शेवटच्या कोटनंतर निदान २४ तास आंघोळ नकोच, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे असशील तर सरळ दोन दिवस धर, हवाच इतकी दमट की रंगातलं पाणी जाणार कुठे. शेजाऱ्यांकडे आंघोळ कर, लाजायचं काय त्यात 😄

एक्झॉस्ट चालू ठेव, खिडकी आणि दार उघडं. हीटर लावून भिंत तापवू नको, वरची साय आधी सुकते आणि आतला ओलावा अडकून फुगे येतात.

आणि लवकर गीझरचं कडक पाणी घेऊन वाफ केलीस तर भिंतीवर पिवळट-तपकिरी चिकट ओघळ दिसतील, विशेषतः छताजवळ. घाबरून पेंटरला शिव्या देऊ नकोस, रंगातलीच साबणासारखी द्रव्यं वर येतात ती, कोमट पाण्याच्या मऊ फडक्याने हलकं पुसलं की जातात, परत एकदा-दोनदा येतील तेव्हा परत पुसायचं. पहिला महिना भिंत घासायची नाही, हार्पिक वगैरे तर लांबच ठेव. चिकटवायचे हुकही महिना झाल्यावरच लाव, आधी लावलेस तर रंगासकट निघतील. ऑइलपेंट असेल तर अजून वेळ लागतो, डब्यावर लिहिलेलं बघ.