पहिला कॉम्प्युटर स्वतः जोडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दुकानदार ‘आय५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी’ असा नवा कॉम्प्युटर पंधरा हजारांत देतो म्हणतो. सुटे भाग घेऊन जोडायचा तर दुपटीहून जास्त खर्च दिसतोय. मग जोडायचा कशाला? (वाचक, सांगली)

उत्तर : ‘आय५’च्या पुढचा नंबर विचारा. या भावातला आय५ बहुधा आय५-३४७० किंवा त्याच्या आगेमागेचा निघतो, म्हणजे २०१२ सालचा. कॅबिनेट नवं, एसएसडी नवी, मदरबोर्डही (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड) कोरा. प्रोसेसर मात्र कुठल्यातरी ऑफिसच्या जुन्या मशीनमधून काढलेला. नंबर चार आकडी असेल तर पहिला आकडा ही पिढी, पाच आकडी असेल तर पहिले दोन. ३४७० तिसऱ्या पिढीचा, १२१०० बाराव्या. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार पळवाट काढून ११ टाकूनही देईल, पण ते किती दिवस नीट अपडेट होईल याचा भरवसा नाही. शिवाय त्या बोर्डावर डीडीआर३ या जुन्या प्रकारची रॅम असते, ती आजच्या कुठल्याच बोर्डात बसत नाही. पुढे मशीन वाढवायचं ठरलं की रॅम, बोर्ड आणि प्रोसेसर तिन्ही बाद.

दुकानात मशीन चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसेल. तिसरी-चौथी पिढी दिसली की घेऊ नका.

प्रश्न : बजेट बेताचं आहे, मॉनिटर घरात आहे. कोडिंग, अभ्यास आणि थोडे गेम. ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागेल का? कुठे पैसे वाचवू आणि कुठे नको? (वाचक, चिपळूण)

उत्तर : कार्ड आत्ता नको. ग्राफिक्स अंगात असलेला प्रोसेसर घ्या. या कामासाठी रायझन ५ ५६००जी अजूनही चांगला : ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट, आणि बंद खोक्यात कूलरही येतो. शेवटचं ‘जी’ अक्षर नीट बघून घ्या. नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय त्यावर स्क्रीन काळीच राहते. इंटेलमध्ये हाच गोंधळ ‘एफ’ करतं : आय३-१२१०० ला ग्राफिक्स आहे, १२१००एफ ला नाही. एफ थोडा स्वस्त दिसतो, म्हणून फसायला होतं.

बोर्ड ‘बी५५०’ प्रकारचा, शक्यतो रॅमचे चार स्लॉट असलेला. खोक्यावर रायझन ५००० चालतो असा स्टिकर हवा. जुन्या स्टॉकमधल्या बोर्डाचा बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) जुना असला तर प्रोसेसर ओळखलाच जात नाही.

रॅम घेताना १६ जीबीची एक स्टिक घेऊ नका, ८ जीबीच्या दोन घ्या, डीडीआर४ प्रकारच्या, ३२०० वेगाच्या. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. एका स्टिकवर सेकंदाला २५.६ जीबी डेटा जाऊ शकतो, दोन चॅनेलवर (रॅम ते प्रोसेसर अशा दोन वाटांवर) ५१.२. गेममधला फरक डोळ्यांना दिसतो. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. शेजारीशेजारी लावल्या तर सहसा दोन्ही एकाच चॅनेलवर येतात. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर चालत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. विंडोजला १६ जीबीपेक्षा थोडी कमी रॅम दिसली तर घाबरू नका, तेवढी ग्राफिक्सने राखून ठेवलेली असते.

पैसे वाचवायचे तर कॅबिनेटवर वाचवा. पुढून जाळी आणि एक-दोन पंखे असले की झालं, रंगीत लाइट नकोत. एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान) पुरते.

एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र हात आखडू नका. कॅबिनेटबरोबर ‘४५० वॅट’ लिहिलेला फुकट मिळाला तरी तो बाजूला ठेवा. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. खऱ्या ४५० वॅटवाल्यावर ३६-३७ अँपिअर असतात. तिथे १५ दिसले तर १२ गुणिले १५, म्हणजे १८० वॅट, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज त्या १२ व्होल्टवरच घेतात. असा एसएमपीएस जळताना कधीकधी बोर्डालाही घेऊन जातो. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) ४५० किंवा ५५० वॅटचा घ्या, ग्राफिक्स कार्डासाठीची ६+२ पिनची वायर असलेला. पुढे मध्यम ग्राफिक्स कार्ड लावलंत तरी तोच चालेल. प्रोसेसर बंद खोक्यातला घ्या, त्यावर तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमधल्या, खोक्याशिवायच्या सुट्याला फक्त दुकानदाराचा शब्द. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर असलेलं पक्कं बिल मागा.

प्रश्न : जोडलेला कॉम्प्युटर चालतो, पण कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे का? (वाचक, परभणी)

उत्तर : बहुधा नाही, घरात अर्थिंग नाही. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून अर्थला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थ खरी असेल तर त्यातून गळणारा बारीक करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी कमी असतो, पण हाताला जाणवतो, आणि यूएसबी किंवा एचडीएमआय लावता-काढताना पोर्ट उडू शकतो. आधी टू-पिन कन्व्हर्टर आणि स्वस्त एक्स्टेंशन काढून टाका. तरीही येत असेल तर वायरमनकडून मीटरने मोजून घ्या : फेज ते अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. एक गोष्ट त्याला करू देऊ नका : सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल तारेने जोडणं. झिणझिण्या थांबतात खऱ्या, पण उद्या न्यूट्रल तुटली तर अख्खं कॅबिनेट २३० व्होल्टवर येईल. लहान मुलं असलेल्या घरात तर ही तडजोड मुळीच नको.

प्रश्न : यूपीएस किती व्हीएचा? (वाचक, जालना)

उत्तर : कार्ड नसलेल्या मशीनला ६०० व्हीए, म्हणजे साधारण ३६० वॅट, पुरतो. फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका.

प्रश्न : पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच नाही. (वाचक, पनवेल)

उत्तर : पंखे फिरले म्हणजे प्रोसेसरला वीज मिळाली असं नाही. त्याची ४+४ पिनची वायर वेगळी असते, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात. ती राहून जाणं ही सर्रास होणारी चूक. ग्राफिक्स कार्डाची ६+२ पिनची वायर दिसायला तशीच, पण तिथे नीट बसत नाही. जोर करू नका. मग रॅम काढून पुन्हा दाबा, कट्‌ असा आवाज येईपर्यंत. बहुतेक जण हळू हाताने दाबतात आणि एक टोक वर राहतं. रॅम डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते, तेवढं थांबा. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम) असे बारीक दिवे असतील तर जो पेटून राहिला तिथे दोष शोधा. त्यानंतर कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) मोजा : बोर्डाला भोक नाही तिथे एखादा राहिला असेल तर तो मागून टेकून शॉर्ट करतो.

कूलर काढायची वेळ आली तर आधी मशीन थोडं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत उचला. सरळ ओढला तर कूलर आणि प्रोसेसरमधल्या घट्ट झालेल्या पेस्टला चिकटून ५६००जी सॉकेटमधून उपटून येतो. याच्या पिना प्रोसेसरलाच असतात, म्हणून त्या वाकतात.