तुमचे प्रश्न : कानबाईचा रोट, रविवारची प्रार्थना आणि पोलीस

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आम्ही शहादा तालुक्यातले, एकत्र कुटुंब. लहान भावाच्या पोराला फिट यायची, कोणीतरी त्यांना ख्रिस्ती प्रार्थनेला नेलं, फिट थांबली (गोळ्या पण चालू होत्या हे कोणी सांगत नाही), तेव्हापासून नवरा-बायको दर रविवारी जातात. यंदा श्रावणात घरात कानबाई देवी बसवली तर दोघांनी तिच्या प्रसादाच्या रोटाला हात लावला नाही, आई दोन दिवस जेवली नाही. गावातली पोरं म्हणतात जबरदस्तीचं धर्मांतर म्हणून केस ठोका. मला हे प्रचारवाले अजिबात आवडत नाहीत, पण पोलिसांवर पण भरोसा नाही. मागच्या वर्षी मोटरसायकल चोरीला गेली, तीन चकरा मारल्या, शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून हातात दिला. काय करू?

उत्तर : भो, आधी रोटाचं बोलू, खरं दुखणं तिथं आहे. रोट भाऊबंदकीच्या बाहेर देत नाहीत, म्हणून ज्यानं रोट नाकारला त्यानं घरच नाकारलं असं आईला वाटलं, तिच्या जागी ती बरोबर आहे. त्यात कानबाई बसते नागपंचमीनंतरच्या रविवारी आणि प्रार्थना पण रविवारीच, म्हणजे भांडण ठरलेलंच. पण हे ठाण्यात कसं लिहून देणार? अंमलदार विचारेल, कोणी धमकी दिली का, पैसे कबूल केले का, मारलं का. तुमच्या पत्रात तसं काहीच नाही.

संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्म पाळायचा आणि त्याचा प्रचार करायचा पण हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. दुसऱ्याचं धर्मांतर घडवायचा मूलभूत हक्क मात्र त्यात येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९७७ सालीच सांगितलंय. पण तुमचा भाऊ स्वतःच्या मनानं जात असेल तर तो त्याचा हक्क झाला, तिथं तुम्ही आम्ही कोण.

माझं मत विचाराल तर आजारी पोराच्या उशाशी बसून देव विकणारा माणूस मलाही आवडत नाही, मग तो पुस्तक वाटणारा असो की ताईत बांधणारा बाबा, आणि दुसऱ्या प्रकारचे आपल्याकडे जास्तच निघतील. आणि लोक बदलतात हे काय नवीन नाही, १९३८ साली सातपुड्यात संत गुलाम महाराजांच्या मागे हजारो आदिवासींनी दारू सोडली, एकमेकांना 'आप' म्हणायला लागले, तेव्हा पण घराघरात कुरबुरी झाल्याच असतील.

आता पोलीस. ज्या ठाण्याला तुमची गाडी शोधायचा कंटाळा आला त्यांनी भावावरची केस मात्र झटपट घ्यावी असं तुम्हाला वाटतं का? आणि घेतलीच तर जास्त भ्या, कारण ती तुमच्यासाठी नाही, मागे उभ्या पोरांसाठी घेतलेली असेल, आणि उद्या तुम्हाला मिटवायचं असलं तरी मिटणार नाही.

गाडीचं मात्र सोडू नका. गाडीची चोरी दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात, एफआयआर घ्यावाच लागतो, २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय. जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लागू आहे, त्यात हद्द कुठलीही असो तक्रार घ्यायची आणि एफआयआरची कॉपी फुकट द्यायची असं आहे. नाहीच घेतला तर एसपी साहेबांना पोस्टानं लेखी पाठवा, तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. शिक्क्याचा अर्ज जपून ठेवा, तारीख त्याच्यावरच आहे.

भावाला एकट्याला शेतात गाठा, बायकोसमोर नको, आईसमोर तर नकोच. धर्माचा विषय काढू नका. एवढंच विचारा, पोराच्या गोळ्या चालू आहेत ना? फिटच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर फिट उलटून येते, जास्त जोरात येते. बंद केल्या असतील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, रोटाचं पुढच्या श्रावणात बघू.