पोलंडमधल्या हॉटेलात लेकरांना घेऊन जेवायला जायचं का? – जा, पण दुपारी

ताई, तुमचा प्रश्न वाचून आमचे इथले पहिले सहा महिने आठवले बघा. तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये मिस्टरांच्या कंपनीकडून व्रोत्स्वाफला येताय, मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोनाचा, तुम्ही स्वतः शाकाहारी, बाकीचे अंडं-चिकन खातात पण बीफ-पोर्क नको, आणि तिथल्या पारंपरिक हॉटेलात मुलांना घेऊन जाता येतं का, की वर्षभर घरीच वरणभात. जाता येतं, अगदी आरामात. आम्ही सात वर्षं जातोय, धाकटा तर पोटात होता तेव्हापासून. पुण्यात हॉटेलात गेलं की "भैया, तिखट कम" हे जे आपण दहा वेळा सांगतो ते इथे कधीच सांगावं लागत नाही. इथे सांगावं लागतं ते चरबीचं.

आमची फजिती सांगते म्हणजे कळेल. आल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका कार्चमामध्ये गेलो (कार्चमा म्हणजे लाकडी ओंडक्यांचं, जुन्या धाटणीचं हॉटेल, आत बैलगाडीची चाकं वगैरे लटकवलेली). बसल्या बसल्या वेटरने न मागता ब्रेडचे जाड काप, खारवलेल्या काकड्या आणि मातीच्या वाटीत पांढरं शुभ्र काहीतरी आणून ठेवलं. सासूबाई सोबत होत्या, मार्गशीर्ष चालू. यांनी चाखून बघितलं आणि म्हणाले अगं, गावाकडचं लोणी आहे, कांदा परतून घातलाय. थोरल्याने तीन काप फस्त केले, सासूबाईंनी पण जरासं लावून घेतलं. ते लोणी नव्हतं, स्मालेत्स होतं, डुकराची चरबी. मला हे घरी आल्यावर कळलं आणि मी सासूबाईंना आजतागायत सांगितलेलं नाही, कृपा करून तुम्हीही कुठे बोलू नका 😅 तर ती वाटी आली की हसून परत द्यायची, नुसता ब्रेड आणि काकडी ठेवून घ्यायची. हॉटेलवाल्याची चूक काहीच नाही, त्यांच्याकडे तो पाहुणचार आहे.

तसंच पिएरोगीचं. तुमच्यासाठी इथली सगळ्यात कामाची गोष्ट ही, पण एक अट आहे. पिएरोगी म्हणजे मैद्याची पारी, आत सारण, अर्धगोल दुमडून कडेला मुरड घालायची आणि पाण्यात उकडायची. माझ्या मुलीने पहिल्यांदा बघून विचारलं होतं, आई, यांची करंजी पाण्यात पडली का. तुमच्यासाठी पिएरोगी रुस्किए, आत उकडलेला बटाटा, त्वारुक (आपला चक्का आणि पनीर यांच्या मधलं काहीतरी) आणि परतलेला कांदा. नावाचा रशियाशी संबंध नाही, रुथेनिया नावाच्या जुन्या प्रांतावरून ते आलंय, पण २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर काही ठिकाणी मेन्यूत नाव बदलून 'युक्रेनी' केलंय, त्यामुळे दोन्ही नावं लक्षात ठेवा. आता अट. वरून जे तळलेलं घालून देतात त्यात कांद्याबरोबर बरेचदा स्क्वार्की असतात, म्हणजे डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, आणि मेन्यूत ते लिहिलेलं असेलच असं नाही. "बेझ स्क्वारेक" म्हणायचं, किंवा सरळ लोणी घाला म्हणून सांगायचं. कोबी-मशरूमचे पिएरोगी पण शाकाहारी असतात पण त्यात जंगली मशरूम वाळवून घालतात आणि इथल्या आया लहान मुलांना जंगली मशरूम देत नाहीत, डॉक्टरही नको म्हणतात, म्हणून ते तुम्ही खा, पोरांना नको. उन्हाळ्यात जांभळ्या जागोदांचे (छोट्या रानबेरी) गोड पिएरोगी मिळतात, वर साय आणि साखर. दोन वर्षांच्या पोराला ते देताना पांढरा शर्ट घालू नका एवढंच.

सूपचं नीट समजून घ्या, कारण पोलिश माणूस मुलाला आधी सूपच देतो आणि मुलांच्या मेन्यूतही तेच वर असतं. रोसुव म्हणजे पातळ सूप, त्यात बारीक शेवया, गाजर. रविवारी घरोघरी हेच असतं. मुलं वाटीच्या वाटी पितात. पण ते बरेचदा कोंबडी आणि बीफ एकत्र उकळून करतात, म्हणून तुम्ही विचारायचंच. पोमिदोरोवा म्हणजे टोमॅटो सूप, ते दिसायला आपलं वाटतं पण खाली बहुतेक वेळा तोच रोसुव असतो, रविवारचं उरलं की सोमवारी त्याचं टोमॅटो सूप, हे इथल्या घराघरातलं गणित आहे. विचारायचं वाक्य: "चि तो येस्त ना म्येंशे?" म्हणजे हे मांसाच्या पाण्यात केलंय का. आणि चार शब्द पाठ करून ठेवा, व्येप्शोविना डुक्कर, वोवोविना बीफ, कुर्चाक चिकन, इंदिक टर्की. मांसाचं कटलेट मागितलं तर डोळे झाकून डुकराचंच येईल (स्हाबोवी म्हणतात, इथलं राष्ट्रीय जेवणच ते), चिकनचं हवं तर कुर्चाक म्हणून सांगायचं.

बाकी पोरांसाठी इतकं काही असतं की विचारू नका. प्लात्स्की म्हणजे किसलेल्या बटाट्याची थालीपीठं, अंडं आणि थोडं पीठ घालून तळलेली, मोठे लोक आंबट सायीबरोबर खातात आणि लहान मुलं चक्क साखर घालून. आधी मला कसंतरी व्हायचं, आता मीही साखर घालते. नालेश्निकी म्हणजे आपली घावनं, आत गोड त्वारुक. कोपित्का म्हणजे बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे, दात नसलेल्यालाही खाता येतील असे. मिझेर्या म्हणजे काकडीचे पातळ काप आंबट सायीत, आपल्या खमंग काकडीची दाण्याचं कूट विसरलेली बहीण.

आणि शेपू. कोणीच आधी सांगत नाही म्हणून मी सांगते, इथे सगळ्यावर शेपू असतो, नवीन बटाट्यावर शेपू, सूपवर शेपू, काकडीत शेपू. घरी शेपूची भाजी केली की नाकं मुरडणारी पोरं इथे येऊन काय करतील ते देवाला माहीत. नको असेल तर "बेझ कोप्रू" म्हणा. माझा थोरला आता शेपूशिवाय बटाटा खात नाही आणि मी भाजी केली की अजूनही पळून जातो.

वेळेचं फार महत्त्वाचं. आपल्याला रात्री साडेआठ-नऊला जेवायची सवय, तेव्हा गेलात तर किचन आवरायला घेतलेलं असतं किंवा आजूबाजूला बिअर पिणारे लोक, आणि पोरं झोपेला आलेली. इथलं मुख्य जेवण ओब्याद, दुपारी एक ते चार. त्या वेळी हॉटेलात आजी-आजोबा, गाड्यातली बाळं, सगळं असतं, तुमचं पोर रडलं तरी ते त्या गोंधळात खपून जातं. रविवारी तर चर्चनंतर अख्खी कुटुंबं येतात, शिवाय २०१८ पासून बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात पण हॉटेलं चालू, त्यामुळे रविवारी टेबल आधी सांगून ठेवा. आणि तुमच्यासाठी शुक्रवार चांगला. कॅथलिक लोक शुक्रवारी मांस टाळतात म्हणून दिवसाच्या स्पेशल जेवणात पिएरोगी, नालेश्निकी असलं येतं, किंवा मासा. मासा त्यांच्या लेखी मांस नाही, हे लक्षात असू द्या, "बिनमांसाचं" म्हणून तुमच्यासमोर कॉड येऊ शकतो.

दूधबार, म्हणजे बार म्लेच्नी, तिथे एकदा तरी जाच. नावाला दूध, पण साधी घरगुती खानावळ समजा. पहिला वॉर्सात १८९६ मध्ये निघाला, आणि दूध-पीठ-भाजीच्या पदार्थांवर सरकार अनुदान देतं, त्यामुळे शाकाहारी माणसाची चंगळ आणि खिशालाही परवडतं. व्रोत्स्वाफला कुझ्निचा रस्त्यावर 'मिश' म्हणून आहे, विद्यार्थ्यांची रांग लागलेली असते. पद्धत अशी की काउंटरवर सांगायचं, पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, खिडकीतून ताट उचलायचं, आणि खाऊन झालं की ताट स्वतः परत खिडकीत ठेवायचं. बाळाची उंच खुर्ची मिळेल असं धरून चालू नका, टेबलासाठी ताटकळावं लागतं, बाबागाडीला जागा नसते. म्हणून दोघं असाल तेव्हाच जा, एकाने रांगेत उभं राहायचं, एकाने पोरं आणि टेबल धरायचं, आपल्या एसटी स्टँडवरच्या कॅन्टीनसारखं.

कार्चमा टाइप हॉटेलात उलट, उंच खुर्ची असते, रंगीत खडू देतात, मोठ्या हायवेवरच्या ठिकाणी बाहेर झोपाळे-घसरगुंडी पण असते. पण भिंतीवर रानडुकराचं मुंडकं आणि शिंगं लावलेली असतात, आमचा धाकटा अडीच वर्षांचा असताना एका डुकराखाली बसून जे किंचाळायला लागला, शेवटी वेटरने स्वतः येऊन टेबल बदलून दिलं. आत शिरल्यावर आधी भिंती बघा मग बसा. जाकीट-टोप्या काढून खुंटीला लावायच्या, मांडीवर घेऊन बसायचं नाही. आणि सप्टेंबरमध्ये बाहेरच्या टेबलांचा मोह होईल, तर दोन गोष्टी, एक म्हणजे आत सिगारेट २०१० पासून बंद आहे पण बाहेर शेजारचा पेटवू शकतो, आणि दुसरं गांधीलमाश्या, गोड पेयावर अक्षरशः झुंडीने येतात. गोड पेय म्हणजे बहुतेक कोम्पोत, फळं साखरपाण्यात उकळून केलेलं, मुलांना फार आवडतं. चेरीचं असेल तर ग्लासाच्या तळाशी बिया असू शकतात, धाकट्यासाठी आधी चमच्याने काढून टाका. साधं पाणी मागितलं तर विकतची बाटली येते, आणि "न्येगाझोवाना" म्हटलं नाही तर सोडा येतो, मग पोरांचं "आई, हे चावतंय" सुरू.

लोकांचं म्हणाल तर पहिल्यांदा रुक्ष वाटतात, वेटर हसत नाही, गाल ओढत नाही, बिल स्वतःहून आणत नाही ("पोप्रोशें राहुनेक" म्हणा). पण पोराने सूप सांडलं तर आम्हाला कोणी कधी डोळे वटारलेले नाहीत. मुलं टेबलांमधून पळायला लागली तर मात्र बघतात, बोलत नाहीत, नुसते बघतात, ते जास्त लागतं. आणि निघताना एखादी आजी नक्की येऊन सांगेल की बाळाला टोपी घाला. सप्टेंबर असला तरी. वाद घालू नका, टोपी घाला.

मी कोल्हापूरची. आमच्या जवळच वळिवड्याला १९४३ ते ४८ मध्ये पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले होते हे आम्ही लहानपणापासून ऐकतो, वॉर्सात कोल्हापूरचं स्मारकही आहे. वडील आले होते तेव्हा ते दाखवायला नेलं, आणि नंतर एका दूधबारमध्ये घावनं खाताना ते म्हणाले, आपल्याकडे यांना भाकरी-आमटी दिली असेल, हे बघ आता आपल्याला काय देतायत. बटाटा देतायत बाबा, म्हटलं, सगळ्यात बटाटा.

राहिलं टिपचं. साधारण दहा टक्के देतात, सक्ती नाही. पण रोख पैसे देताना सुटे परत हवे असतील तर "जेंकुये" म्हणजे धन्यवाद म्हणू नका, त्याचा अर्थ "बाकीचे ठेवा" असा होतो. आम्ही १४० झ्लोतींच्या बिलाला २०० ची नोट देऊन आपल्या संस्कारांप्रमाणे गोड हसून जेंकुये म्हटलं होतं आणि वेटर त्याहून गोड हसून गेला तो परत आलाच नाही. सात वर्षांत इतका हसलेला वेटर मी एकदाच पाहिला 😄

धाकट्यासाठी पहिले काही महिने डब्यात वरणभात ठेवाच, आम्ही कायम काढायचो, कोणी काही म्हणालं नाही. आणि हॉटेलात बसल्या बसल्या, मेन्यू न बघताच, पोरांचं सूप किंवा बटाटा आधी सांगून टाका, पिएरोगीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात थोरलीला घेऊन एकाने बाहेर चक्कर मारायची, व्रोत्स्वाफच्या चौकात आणि गल्लीबोळात ब्राँझचे छोटे छोटे बुटक्यांचे पुतळे आहेत, शेकड्यांनी, पोरं ते शोधत बसतात. आमच्या थोरल्याने मोजायला घेतलेत, अजून चालू आहे.